दोन हुक

सहावीत इथे आलो त्या पहिल्या रात्री डॉर्ममध्ये सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते. "तेरे पापा क्या करते हैं?" कोणाचे वडील हवालदार, कोणाचे सुभेदार, एकाचे कर्नल. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "टॉवर पे काम करते हैं." शेजारच्या बेडवरच्या मुलाने लगेच विचारलं, "एअरपोर्ट का टॉवर?" मी हो म्हणालो नाही, आणि नाहीही म्हणालो नाही. पांघरूण डोक्यावरून ओढून झोपून गेलो. त्यानंतर तीन वर्षं या शाळेत माझे वडील विमानं उतरवत होते.

खरं म्हणजे माझे पप्पा मोबाइलच्या टॉवरवर चढतात. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आहे. मिरजहून इथे राजस्थानात यायला रेल्वेने जवळजवळ दीड दिवस लागतो, त्यामुळे खरं काय ते बघायला कोणी येणार नव्हतं. पप्पांच्या कामाला रिगर म्हणतात. अँटेना बसवायची, तिची दिशा फिरवायची, मायक्रोवेव्हची थाळी समोरच्या टॉवरशी जुळवायची, केबल ओढायची, टोकावरचा लाल दिवा बदलायचा. ते चढतात ते टॉवर बहुतेक ४० मीटरचे असतात, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढे. दिवसाला दोन टॉवर होतात, कधी तीन.

हे सगळं लिहायचं कारण गेल्या वर्षीचा, नववीतला, ॲडव्हेंचर कॅम्प.

रॅपलिंगच्या टॉवरवर चढण्याआधी उस्तादांनी आम्हाला हार्नेस दाखवला. खांद्यांवरून येणारे पट्टे, दोन्ही मांड्यांभोवतीचे पट्टे, छातीवर एक लोखंडी कडी आणि पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधोमध, दुसरी कडी. या कड्यांना डी-रिंग म्हणतात. हार्नेसला जोडलेल्या छोट्या दोरीला दोन शेपट्या होत्या आणि प्रत्येक शेपटीला एक हुक. वर गेल्यावर कठड्याजवळच्या सेफ्टी लाइनला हे हुक अडकवायचे. मध्ये खांब आला की एक हुक खांबाच्या पलीकडे लावायचा आणि मगच दुसरा काढायचा. उस्ताद म्हणाले, "पहले लगाओ, फिर निकालो. उल्टा कभी नहीं."

मी वर गेलो. खांब आला. माझ्या मागे रांग होती, आणि पलीकडची रिकामी जागा दोन पावलांवर होती. मी दोन्ही हुक काढले, दोन पावलं टाकली आणि दोन्ही पुन्हा लावले. तीन सेकंदही लागले नसतील.

उस्तादांनी ते खालून पाहिलं. त्यांनी मला रॅपलिंग करू दिलं नाही, शिडीने खाली बोलावलं. वाटलं, आता फ्रंट रोल, आता रगडा. पण त्यांनी फक्त विचारलं, "क्यों खोला?"

"सर, दोनच पावलं होती."

"गिरने के लिए एक भी बहुत है," ते म्हणाले, आणि मला स्टोअरमध्ये घेऊन गेले. तिथे चोवीस हार्नेस टांगलेले होते. दिवसभर ते तपासणं ही माझी शिक्षा.

ती शिक्षा मला आवडेल असं वाटलं नव्हतं. पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या यूसारखा वाकवायचा, म्हणजे वरून न दिसणारी चीर उघडते. असं करत बोटं पूर्ण पट्ट्यावरून फिरवायची. शिलाईचा दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो, म्हणजे एखादा टाका तुटला तर लगेच दिसतो. कुठे रंग सांडलाय का, ॲसिड लागलंय का, पट्टा जळलाय का, उन्हाने कडक झालाय का, हे बघायचं. कड्यांना गंज किंवा तडा आहे का ते बघायचं. हुकाचं तोंड सोडल्यावर आपोआप मिटलं आणि लॉक झालं पाहिजे. लेबल वाचता आलं पाहिजे. त्यावर तयार केल्याची तारीख आणि प्रमाण क्रमांक असतो, आपल्याकडे आयएस ३५२१.

सर्वांत मजेशीर वस्तू म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. पाकिटात घडी करून शिवलेला जाड पट्टा. माणूस पडला की त्याचे टाके एकामागून एक उसवतात आणि धक्का त्या उसवण्यात जिरतो. एकदा उसवला की तो कायमचा बाद. ज्या हार्नेसने एकदा पडणारा माणूस झेलला, तोही बाद. त्या दिवशी मला मांडीचा पट्टा कातरलेले दोन हार्नेस सापडले. उस्तादांनी ते बाजूला ठेवले नाहीत. चाकूने त्यांचे तुकडे केले, कोणीतरी चुकून पुन्हा उचलू नये म्हणून.

रात्री प्रेपमध्ये मी गणित मांडलं. नववीचंच भौतिकशास्त्र. सामानासकट ८० किलोचा माणूस २ मीटर पडला, तर दोरी ताणली जाते त्या क्षणी त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर असतो. तो १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी १६ किलोन्यूटनहून अधिक बल येतं, म्हणजे दोन छोट्या मोटारींच्या वजनाएवढं. तोच माणूस ॲब्सॉर्बर उसवत १ मीटरमध्ये थांबला, तर बल अडीच किलोन्यूटनच्याही आत येतं. युरोपच्या मानकात ॲब्सॉर्बरसाठी ६ किलोन्यूटनची मर्यादा घातलेली आहे. दोरीशिवाय ४० मीटरवरून पडलं तर जमिनीपर्यंत तीन सेकंदही लागत नाहीत, आणि वेग ताशी शंभर किलोमीटर होतो.

४० मीटर हा आकडा मी का घेतला, ते शेजारी बसलेल्या मित्राला सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. दुसऱ्याच दिवशी पप्पा म्हणाले, "चल, येतोस का साइटवर?" लहानपणी मी हट्ट करून जायचो. या वेळी मी काय बघणार आहे, ते त्यांना माहीत नव्हतं.

टॉवर माळावर होता. कुंपण, डिझेल जनरेटर, पत्र्याची खोली. पप्पांनी डिकीतून पिशवी काढली, हार्नेस चढवला, हेल्मेट घातलं. त्यांच्या मदतनीस पोराने मोबाइलवर समोरून एक आणि पाठीमागून एक असे फोटो काढले आणि ठेकेदाराच्या ग्रुपवर टाकले. फोटो पोचल्याशिवाय चढायची परवानगी मिळत नाही. मग पप्पा चढायला लागले. दोन्ही हुक त्यांच्या मागे लोंबकळत होते. खणखण आवाज येत होता. जवळजवळ आठ मिनिटांत ते वर पोचले. तिथे त्यांनी कमरेचा जुना बेल्ट लोखंडाभोवती घातला आणि कामाला लागले.

मी कुंपणाबाहेर उभा होतो. टॉवरखाली कधी उभं राहायचं नाही, वरून पाना पडला तरी जीव जातो, हे मला पप्पांनीच शिकवलं होतं.

संध्याकाळी पप्पा अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांची पिशवी उघडली आणि स्टोअरमध्ये शिकल्याप्रमाणे हार्नेस तपासला. पट्टे ठीक. शिलाई ठीक. लेबल स्वच्छ, दोन वर्षांपूर्वीची तारीख. ॲब्सॉर्बरचं पाकीट जसंच्या तसं. मग हुक बघितले. लोखंडावर अडकणाऱ्या हुकाच्या आतल्या बाजूला चरे पडतात. शाळेतल्या प्रत्येक हुकावर होते. पप्पांच्या हुकांवर एकही चरा नव्हता. दुकानातून आणल्यासारखे चकचकीत होते. कमरेचा बेल्ट मात्र घासून काळा झाला होता. हार्नेस अगदी उत्तम होता, आणि तेच वाईट होतं.

पप्पा बाहेर आले. माझ्या मांडीवर हार्नेस बघून म्हणाले, "काय, इन्स्पेक्शन चाललंय व्हय साहेबांचं?"

मी वही काढली. वेग, बल, ६ किलोन्यूटन, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, पडल्यावर काय होतं ते मला वहीत बघावं लागत न्हाय."

आणि त्यांनी काकांची गोष्ट सांगितली. काका म्हणजे त्यांचे जुने जोडीदार. आता एसटी स्टँडजवळ त्यांची चहाची टपरी आहे. ते टॉवरवरून पडले होते एवढंच मला माहीत होतं. पप्पा म्हणाले, तेव्हा सगळ्यांकडे फक्त कमरेचा बेल्ट असायचा. पाऊस पडून गेला होता. काकांचा पाय ओल्या अँगलवरून सटकला आणि ते जेमतेम दीड मीटर पडले. बेल्टने धरलं. पण सगळा झटका कमरेवर आणि बरगड्यांवर बसला, आणि ते मधोमध दुमडून लोंबकळत राहिले. श्वास घेता येईना. खाली कसं घ्यायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. दोर आणेपर्यंत, वर माणूस चढेपर्यंत पाऊण तास गेला. काका वाचले, पण आजही त्यांना पाण्याची बादली उचलता येत नाही. काका म्हणतात, बेल्टनं वाचवलं. पप्पा म्हणतात, बेल्टनं मोडलं. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे. अमेरिकेत पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरेचा बेल्ट वापरायला १९९८ पासून बंदी आहे, ती याचसाठी. पूर्ण हार्नेस तोच झटका मांड्या, खांदे आणि छाती यांच्यात वाटून देतो आणि माणसाला सरळ उभं ठेवतो.

"मग हे माहीत असून तुम्ही हुक का लावत नाही?" मी विचारलं.

पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग बोटं मोडत हिशोब सांगितला. ४० मीटरला पंचवीस-तीस वेळा हुक बदलायचा. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने जड हुक डोक्यावर लावायचा. खांदा भरून येतो. चढायला वेळ दुप्पट, उतरायला दुप्पट. पैसे साइटमागे मिळतात, तासामागे नाही. तीन टॉवरचे दोन झाले, तर तिसऱ्याचे पैसे गेले. माझ्या रेल्वेच्या तिकिटाचा त्यांनी उल्लेख केला नाही, पण मला तो ऐकू आला. "आणि वर बसल्यावर बेल्ट लावतोच की," ते म्हणाले. "मधे फक्त चढायचं तर असतं."

मधे फक्त चढायचं असतं. सर, दोनच पावलं होती.

मी वही मिटली आणि त्यांना कॅम्पमधला प्रकार सांगितला. घरी सांगायचा नाही असं ठरवलं होतं, कारण शिक्षा झाली होती. खांब, रांग, तीन सेकंद, उस्ताद. पप्पा हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "तू दोन्ही काढलेस?" त्यांनी विचारलं. "वरती? दोन्ही?" आणि मला असं बोलले, जसं आजवर कधी बोलले नव्हते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती दारात उभी राहून आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिली, काहीच बोलली नाही. पप्पा बोलता बोलता मध्येच थांबले. मग उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मीही थोड्या वेळाने जाऊन शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुझे उस्ताद भला माणूस आहेत."

हार्नेसच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीच्या दोन बारीक पिशव्या होत्या. पप्पांना वाटायचं त्या नुसत्या शोभेच्या आहेत. मी एक उघडून दाखवली. आत पट्ट्याचा फास असतो. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाने पाय हलवले नाहीत, तर रक्त पायांत साचायला लागतं, शुद्ध हरपते आणि काही मिनिटांतच जिवाला धोका होतो. हे फास सोडून त्यात पाय ठेवून उभं राहिलं, तर मांड्यांवरचा ताण कमी होतो आणि मदत येईपर्यंत वेळ मिळतो. पप्पांनी तो फास दोन-तीनदा उघडला, पुन्हा घडी घालून ठेवला. म्हणाले, "हे काकाकडं असतं तर." आणि मग म्हणाले, "त्या पोराला वर चढून माणूस खाली घ्यायला शिकवलं पाहिजे. मलाच काय झालं तर तो नुसता फोन करत बसंल."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साइटवर गेलो. फोटो निघाले. पप्पांनी मांडीचे पट्टे ओढून घट्ट केले. पट्ट्याखाली सपाट हात जावा, पण मूठ जाऊ नये, एवढे. त्यांनी पहिला हुक हात पोचेल तेवढ्या वर लावला. हुक पायाशी असेल, तर माणूस दोरीच्या दुप्पट लांबीएवढा पडतो. डोक्यावर असेल, तर फारसा पडतच नाही. पप्पा तिथवर चढले, दुसरा हुक त्याच्या वर लावला, मग पहिला काढला. मी कुंपणाबाहेरून मोठ्याने मोजत होतो. एक. दोन. तीन. मदतनीस पोराला आधी हसू आलं, नंतर तोही मोजायला लागला. नवव्या हुकानंतर पप्पा थांबले आणि त्यांनी हात झटकला. मला वाटलं, आता सोडतील. दहा. अकरा. अठ्ठावीसला ते वर पोचले. पंधरा मिनिटं लागली होती.

खाली उतरल्यावर खांदा चोळत म्हणाले, "बास झालं का साहेब?" त्या दिवशी दोनच टॉवर झाले.

सुट्टी संपली आणि मी परत आलो. रविवारी घरी फोन करायची वेळ मिळते, तेव्हा मी अभ्यासाचं आणि आज्जीच्या गुडघ्यांचं बोलून झाल्यावर विचारायचो, "पप्पा, किती?" ते म्हणायचे, "सव्वीस." कधी "एकोणतीस." कधी नुसतं "व्हय रे, लावले." तो आकडा खरा की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेला, हे इथे बसून कळायला मार्ग नव्हता.

मग १५ फेब्रुवारी आली. १९११ साली याच दिवशी आपल्या सैन्याच्या कोअर ऑफ सिग्नल्सची स्थापना झाली. त्या दिवशी असेंब्लीत दळणवळणावर तीन मिनिटं बोलायला वर्गातून एक मुलगा हवा होता. मी हात वर केला. उस्तादांकडून एक हार्नेस मागून घेतला आणि स्टेजवर तो अंगात घालता घालता बोललो. पंजाबातल्या फाजिल्काचा टीव्ही टॉवर सुमारे ३०५ मीटर उंच आहे. तमिळनाडूतल्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदल केंद्राचे मनोरे तर ४७१ मीटरचे, देशातलं सर्वांत उंच बांधकाम. संदेश हवेतून जातो असं आपण म्हणतो, पण तो जिथून सुटतो तिथपर्यंत कोणीतरी हातापायांनी चढलेला असतो. एवढं बोलून मी म्हणालो, "माय फादर इज अ रिगर. ही क्लाइम्ब्स मोबाइल टॉवर्स."

रात्री डॉर्ममध्ये तोच शेजारचा मित्र म्हणाला, "तूने तो बोला था एअरपोर्ट." मी म्हणालो, "मैंने नहीं, तूने बोला था. मैं चुप रहा." तो थोडा वेळ विचार करत बसला. मग त्याने विचारलं, "चालीस मीटर पे हवा कितनी होती है?" लाइट्स आउट होईपर्यंत मी सांगत होतो. बाकीचे बेडही ऐकत होते. त्या रात्री मला कळलं की तीन वर्षं मी सगळ्यांत भारी गोष्ट लपवून ठेवली होती.

मे महिन्यात घरी गेलो. पप्पा साइटवर होते. आईने पाणी दिलं, आज्जीने गालावरून हात फिरवला. संध्याकाळी मोटारसायकल दारात लागली. पप्पांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. मी पिशवी उघडली. पट्ट्यांवर ग्रीसचे डाग होते, मांडीचा पट्टा वापरून मऊ झाला होता. मी हुक उजेडात धरले आणि आतून बोट फिरवलं.

दोन्ही हुकांच्या आतली चकाकी गेली होती. चरेच चरे होते, बोटाला खरखरीत लागत होते.

पप्पा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. "काय साहेब, पास का नापास?"

"पास," मी म्हणालो, आणि हार्नेस नीट घडी करून पिशवीत ठेवला.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी